सण तुमचा, घाम दुसऱ्याचा

उभे राहा. सगळे. चाळिशी उलटली, आता बाई बसायला सांगतील, अशा भ्रमात कोणी राहू नका. डोक्यावरचे केस गेलेल्यांनीही उभं राहायचं आणि ज्यांची मुलं यंदा दहावीला आहेत त्यांनीही. मागच्या रांगेतल्यांनी फोन खिशात घालायचे. डिसेंबर सरत आलाय. चार दिवसांत तुम्ही एकमेकांच्या गळ्यात पडून नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्यायला लागाल. त्याआधी मला तुमच्या सरत्या वर्षाची वही तपासायची आहे आणि तिच्यात जे दिसलं ते तुमच्या तोंडावर सांगायचं आहे. पाठीमागे कुजबुजायची सवय मला नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

सण मला आवडतात, हे आधी सांगते. नाहीतर घरी जाऊन म्हणाल, बाईंना आनंदच बघवत नाही. गणपतीची आरास, नवरात्राचे घट, कोजागरीचं दूध, दिवाळीचा फराळ, संक्रांतीचा तिळगूळ, सगळं मला हवं आहे. माझा राग एकाच गोष्टीवर आहे. सणातला आनंद तुम्ही स्वतःकडे ठेवता आणि सणातलं काम दुसऱ्याच्या गळ्यात बांधता. एखाद्या सणाला नाही, दरेक सणाला. वर्षभराच्या वहीत मला पानोपानी हीच एक चूक दिसली आहे, आणि तुम्हाला ती चूक वाटतच नाही, म्हणून आज कान धरायची वेळ आली.

सोप्यापासून सुरू करू. शुभेच्छा. दिवाळीच्या पहाटे माझ्या फोनवर तुमच्या शुभेच्छांचा ढीग पडला. निम्म्यांनी एकच पणती पाठवली होती आणि तिच्याखाली 'दिपावलीच्या हार्दीक शुभेच्छा'. दीपावलीतला 'दी' दीर्घ, हार्दिकमधला 'दि' ऱ्हस्व. पाचवीत पट्टी आपटून शिकवलं होतं. पण शुद्धलेखनाचा राग मी गिळते. न गिळता येणारी गोष्ट पुढे आहे. तुमच्याच वर्गातल्या एकाचे वडील दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गेले. तुमच्या गटावर सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली होती, म्हणजे बातमी सगळ्यांना होती. आणि वसुबारसेला त्याच फोनवर, त्याच मुलाला, त्याच पणतीसकट 'ही दिवाळी आपणास सुखसमृद्धीची जावो'. त्या घरात यंदा आकाशकंदील लागला नाही. दुखवट्याच्या घरी पहिल्या सणाला कढई चढत नाही; फराळाचा डबा शेजारपाजाऱ्यांनी, मित्रांनी न्यायचा असतो, हे तुमच्या आईने तुम्हाला दाखवलेलं आहे. डबा घेऊन त्याच्या दारी किती जण गेलात? हात वर करा. दोन. बाकीच्यांनी हात खालीच ठेवा आणि मानही.

शुभेच्छा द्यायची तर त्या माणसाचं तोंड डोळ्यांपुढे आणायला लागतं. त्याचं काय चाललंय, त्याला काय हवंय, याचा क्षणभर विचार करायला लागतो. तेवढंच त्यातलं काम आहे, आणि तेवढंही तुम्ही बोटाच्या एका टिचकीवर उरकलंत.

आता फराळ. तुमच्यातल्याच एकाच्या घरी मी धनत्रयोदशीला गेले होते. नाव घेत नाही, तो कोण हे त्याच्या कानांच्या रंगावरून सगळ्यांना कळलंय. चिरंजीव सोफ्यावर पाय पसरून बसले होते. मला म्हणाले, "बाई, आमच्याकडे फराळ सगळा घरचा. विकतचं मला घशाखाली उतरत नाही." मी उठून स्वयंपाकघरात गेले. तिथे त्याची बायको ऑफिसचीच साडी कमरेला खोचून अनारसे तळत होती आणि गुडघ्यांनी त्रासलेली त्याची आई खाली बसता येत नाही म्हणून स्टुलावर बसून खसखशीवर पीठ थापत होती.

अनारसा कसा होतो, सांग म्हटलं. गप्प. तर सगळ्यांनीच ऐका. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे आणि रोज आठवणीने पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी निथळून पंचावर पसरायचे, उन्हात नाही, सावलीत. पुरते वाळायच्या आत, दमट असतानाच दळायचे आणि बारीक चाळणीने चाळायचे. किसलेला गूळ आणि थोडं तूप घालून गोळा मळायचा, डब्यात दाबून चार-पाच दिवस मुरवायचा. मग खसखशीवर थापायचा, खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तुपात सोडायचा आणि उलटायचा नाही. झाऱ्याने वरून तूप उडवत उभं राहायचं. गूळ जरा जास्त झाला की अनारसा हसतो, कढईत विस्कटून जातो, आणि आठवड्याची मेहनत तुपाच्या तळाशी बसते. त्या दिवशी दोन अनारसे हसले. ती बिचारी कपाळावरचा घाम मनगटाने पुसत गोळ्यात थोडं पीठ मिसळून बघत होती, आणि बाहेरून हाक आली, "अगं, बाईंना चहा टाक."

मी त्याला विचारलं, "यात तुझं काय?" म्हणाला, "सामान मी आणलं, बाई." सामान दुकानातला मुलगा पिशवी खांद्यावर टाकून तिसऱ्या मजल्यापर्यंत आणून देतो, हे मला ठाऊक आहे, मी त्याच्याच मागून जिना चढले होते. गाल का फुगवतोस? खोटं वाटत असेल तर सांग.

नीट ऐका. ज्या घराला फराळ घरचाच हवा, त्या घरातल्या प्रत्येक हाताला पीठ लागलं पाहिजे. चकलीची भाजणी भाजायला मनगट लागतं, ते तुमच्याकडे आहे. सोऱ्या दाबायला जोर लागतो, तोही आहे. व्यायामशाळेचे पैसे भरून कमावलाय. लाडू वळायला दोन तास एका जागी बसावं लागतं, आणि क्रिकेटची मॅच तुम्ही त्याहून जास्त वेळ बसून बघता. हे जमणार नसेल तर विकत आणा. त्यात कमीपणा काही नाही. तुमच्याच गल्लीत बचत गटाच्या बायका भाजणीपासून कडबोळ्यांपर्यंत सगळं करून देतात. त्यांनी सांगितलेला भाव द्या. मॉलमध्ये मुकाट्याने कार्ड पुढे करणारे तुम्ही त्यांच्याशी किलोमागे वीस रुपयांसाठी हुज्जत घालताना मी ऐकलंय. पण स्वतः तव्याला हात न लावता, घामाने भिजलेल्या बाईच्या जिवावर 'विकतचं मला उतरत नाही' म्हणायचं, हा उद्दामपणा माझ्या वर्गात शिकलेल्या मुलाने करू नये. पाडव्याला ती तुम्हाला ओवाळते, तुम्ही ताटात नोट टाकता. त्या नोटेने पंधरा दिवसांची फेड होत नाही.

मुलींनो, तुम्ही कशाला हसताय? तुमची पाळी आता आहे. संक्रांत तोंडावर आली. रथसप्तमीपर्यंत तुमची हळदीकुंकवं चालतील. वाण म्हणून प्लास्टिकचा एक डबा, एक गाळणं, नाहीतर एक साबणदाणी वाटाल. तीच साबणदाणी मागच्या वर्षी तुम्हाला कोणीतरी दिली होती आणि पुढच्या वर्षी ती तिसरीकडे जाईल. तिला ना वापरणारा भेटतो ना फेकणारा. घराघरांतून ती फिरतीवर आहे. देणाऱ्याने घेणाऱ्याचा विचारच केला नाही की वाणाचं असं होतं. गूळ द्या, तीळ द्या, भाजीचं बी द्या, एखादं पुस्तक द्या. घेणारीच्या हाताला दुसऱ्या दिवशी उपयोगी पडेल असं काहीतरी द्या.

आणि यादी काढताना ज्या दाराशी तुम्ही थांबत नाही, त्या दाराबद्दल आज बोलायलाच हवं. तुमच्या जिन्यात राहणाऱ्या काकू. काका होते तोवर पहिलं बोलावणं त्यांना जायचं. तुमच्या पोरांना ताप आला तर रात्री त्याच उशाशी बसल्या. काका गेले आणि त्यांचं नाव तुमच्या यादीतून गेलं. जोतिबा आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी पुनर्विवाह केला. या सनावळ्या पाठ करून तुम्ही मार्क मिळवलेत. आज तुमच्यातली कोणी बँकेत साहेब आहे, कोणी डॉक्टर आहे, आणि जिन्यातल्या बाईला कुंकवाचं बोट लावायचं धाडस तुमच्यात नाही. 'सासूबाईंना चालत नाही' म्हणाल. सासूबाईंना तुमची नोकरी चालत नव्हती, ती तुम्ही केलीत. गाडी चालवणं चालत नव्हतं, ती चालवलीत. जिथे तुमचा फायदा होता तिथे तुम्ही भांडलात आणि जिथे दुसरीचा मान होता तिथे गप्प बसलात. या संक्रांतीला पहिलं बोलावणं काकूंना गेलं पाहिजे. कारण विचारलं तर माझं नाव सांगा.

आता मुलांकडे येते. तुमच्या मुलांकडे. दिवाळीचा किल्ला. सोसायटीच्या वाहनतळाच्या कोपऱ्यात एक किल्ला मला यंदा दिसला. बाजारातून आणलेला, प्लास्टरचा, रंग मारलेला. वर महाराज, दारात दोन मावळे, आणि किमतीची चिठ्ठी तशीच चिकटलेली. आठ वर्षांचा मुलगा शेजारी उभा होता. मी विचारलं, "कोणता रे किल्ला?" म्हणाला, "दिवाळीचा." मुलाला मी काही बोलले नाही, कारण चूक त्याची नाही. त्याच्या बापाला विचारलं, तेव्हा उत्तर आलं, "माती आणली की फरशी खराब होते, बाई."

फरशी धुता येते. पोराचं बालपण दुसऱ्यांदा मिळत नाही. किल्ला करायचा म्हणजे आधी कुठला करायचा यावर भांडायचं. राजगड म्हटला तर पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या आणि मधोमध बालेकिल्ला, एवढं चित्र काढून बघायचं. विटा, दगड, फुटक्या कुंड्या गोळा करायच्या, वर गोणपाट टाकायचं, मातीचा चिखल करून थापायचा, हळीव आणि मोहरी पेरून रोज पाणी शिंपडायचं. पाणी जास्त झालं की एक कड ढासळते. ती का ढासळली, उतार किती ठेवायला हवा होता, मुळं धरल्यावर तीच माती का टिकते, हे पोरांना तिथे गुडघ्याएवढ्या चिखलात कळतं. भूगोलाचं पुस्तक हातात धरून मी जे शिकवायला आठवडा घालवला, ते एका किल्ल्यात चार दिवसांत येतं. तुम्ही पैसे मोजलेत आणि मुलाच्या हातचं तेवढं शिक्षण काढून घेतलंत. त्याच्याकडे उरला तो फोटो, आणि तोही तुम्हीच काढलात.

दसऱ्याचंही तेच. सोनं म्हणून तुम्ही जी पानं वाटलीत, त्यातली बरीचशी आपट्याची नव्हती, कांचनाची होती. दोघांचीही पानं मधे दुभंगलेली असतात, म्हणून फसगत होते. पण आपट्याचं पान लहान, जाड, हाताला खरखरीत आणि कांचनाचं मोठं, मऊ. विकणाऱ्याला दोष देऊ नका, त्याने जे मिळालं ते आणलं. ओळखायचं काम तुमचं होतं. आणि खरं आपट्याचं असलं तरी पाच पानांसाठी अख्खी फांदी ओरबाडायची, संध्याकाळपर्यंत पानं रस्त्यावर तुडवायची, हे कोणत्या सोन्याचं लक्षण? एकाने एकाला एक पान दिलं तरी सीमोल्लंघन होतं. पावसाळ्याच्या तोंडाला आपट्याचं एक रोप लावलंत तर तुमची नातवंडं स्वतःच्या अंगणातलं सोनं वाटतील.

आवाजावर येऊ. कानावर हात ठेवू नका, तुमच्या स्पीकरपुढे मला तेच करावं लागलं होतं. १८९३ पासून लोकमान्यांनी ज्या गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिलं, त्यात व्याख्यानं होती, मेळे होते. लोकांनी एकत्र येऊन काही ऐकावं, बोलावं हा हेतू होता. तुमच्या मंडळापुढे यंदा दोन माणसांना एकमेकांचं नाव ऐकू जात नव्हतं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून लागू आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सरकार काही सणांना बारापर्यंत सवलत देऊ शकतं, तेही वर्षात १५ दिवसांपेक्षा जास्त नाही. रुग्णालय आणि शाळेभोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो.

आकडे ऐकून जांभया देऊ नका, गणित करा. डेसिबलच्या मापात दर १० नी आवाजाची ऊर्जा दहा पट होते. रात्रीची मर्यादा ४५. तुमची स्पीकरची भिंत १०५ वर गेली तर फरक ६० चा. म्हणजे दहा पट, सहा वेळा. किती झाले? दहा लाख पट. तुमच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्या आठवड्यात बाळंतीण आली होती. चौथ्या मजल्यावरचे आजोबा छातीचं ऑपरेशन होऊन घरी आले होते. दोघांच्याही घरून निरोप आला होता, आवाज कमी करा. तुम्ही म्हणालात, "वर्षातून एकदाच असतं." नाही. गणपती येतो, नवरात्र येतं, दिवाळी येते, लग्नं येतात, ३१ डिसेंबर येतो, मग जयंत्या येतात. एकदाच असणारी अशी पंधरा निमित्तं तुम्ही वर्षात काढता, आणि आजोबांच्या छातीवरचे टाके दरवेळी तेच असतात.

फटाक्यांचंही सांगते. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ रोजी दिवाळीत फटाक्यांना रात्री आठ ते दहा एवढा वेळ दिला होता, आणि नववर्षाच्या रात्री ११.५५ ते १२.३०. पस्तीस मिनिटं. तुम्ही पहाटे तीनला दहा हजारांची माळ लावलीत. आणि सकाळी तुम्ही पांघरुणात असताना त्या माळेचा लाल कागद, दवाने भिजून रस्त्याला चिकटलेला, एक बाई वाकून खराट्याने खरवडत होती. दिवाळीच्या दिवशी. तिच्याही घरी पोरं होती, तिलाही अभ्यंगस्नानाला थांबायचं होतं. तीच बाई दुपारी पोस्त मागायला आली, तेव्हा सोसायटीच्या जिन्यात चर्चा झाली, पन्नास द्यायचे की शंभर. माळेची किंमत किती होती, कोणी सांगता? सांगू नका, मला दुकानात कळली आहे.

फेकलेला कागद स्वतः उचलायची लाज वाटते? शाळेत दर शनिवारी आपण वर्ग झाडत होतो. हेडसरांचा मुलगाही झाडत होता. ज्याने कचरा केला त्याने उचलायचा, हा नियम तेव्हा कळत होता. पगार मोठा झाला आणि कंबर वाकेनाशी झाली.

आता नव्या वर्षाकडे वळू, ज्याची तुम्हाला एवढी घाई झाली आहे. ३१ डिसेंबरच्या रात्री बारा वाजता आकाशात काय घडतं? भूगोलाच्या तासाला जे जागे होते त्यांनी बोलावं. काहीही घडत नाही. पृथ्वीच्या कक्षेवर कुठे रेघ मारलेली नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती सूर्याच्या सगळ्यांत जवळ असते, साधारण १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर, पण त्या दिवसाला कोणी केक कापत नाही. वर्षाचा पहिला दिवस माणसांनी ठरवलेला आहे. इंग्लंडात १७५१ सालापर्यंत कायद्याचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. १७५२ पासून १ जानेवारी आला. आपल्या सरकारने मेघनाद साहा यांच्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ ला राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली, तिचं वर्ष चैत्रात सुरू होतं. चंद्राचे बारा महिने धरले तर वर्ष ३५४ दिवसांचं होतं, सूर्याच्या मागे अकरा दिवस पडतं, म्हणून मधूनमधून अधिक महिना घालून मेळ बसवावा लागतो. हे सगळं माणसांनी बसून, मोजून, भांडून केलेलं काम आहे. तारीख बदलली म्हणून माणूस बदलावा, अशी सोय त्यात कोणी ठेवलेली नाही.

आणि तुम्हाला मराठी माणसं म्हणून एकच नवं वर्ष मिळत नाही. मोजा. १ जानेवारी. मग गुढीपाडवा. मग १ एप्रिल, हिशेबाचं वर्ष. मग जून, शाळेचं वर्ष. मग दिवाळीचा पाडवा, व्यापाऱ्यांच्या नव्या वह्यांचा. वर साडेतीन मुहूर्त आहेत, आणि आपापला वाढदिवस आहे. दर दीड-दोन महिन्यांनी तुम्हाला कोरी पाटी मिळते. मुहूर्त कधीच कमी पडला नाही. उठून उभं राहायची तयारी कमी पडली.

तुमचे संकल्प मी ऐकलेत. पहाटे पाचला उठणार. साखर सोडणार. रोज दहा हजार पावलं चालणार. डायरी लिहिणार. इंग्रजी सुधारणार. शेअर बाजार शिकणार. चालायचे बूट डिसेंबरात येतात आणि फेब्रुवारीत भाजी आणायला उपयोगी पडतात. डायरीची पहिली आठ पानं सुवाच्य अक्षरात असतात, पुढच्या पानांवर मुलं चित्रं काढतात. हे मोडतात याचं मला फारसं वाईट वाटत नाही. माणूस चुकतो, परत सुरू करतो. वाईट वाटतं ते या यादीकडे बघून. माझं वजन, माझी झोप, माझं इंग्रजी, माझे पैसे. अख्ख्या यादीत दुसरं माणूस नाही. ज्याने घरातल्या, जिन्यातल्या, रस्त्यावरच्या एका तरी माणसाचं ओझं हलकं होईल, असा एक संकल्प मला कोणीतरी दाखवा. मी थांबते.

नाही ना? वाटलंच. तुमचे संकल्प टिकत नाहीत, त्याचं कारणही मला यातच दिसतं. स्वतःला दिलेला शब्द मोडला तर कोणाचं अडत नाही, कोणी जाब विचारत नाही. पण 'आठवड्यातून दोन दिवस रात्रीची भांडी मी घासणार' असं घरात सगळ्यांसमोर म्हणा. तिसऱ्या दिवशी भांडी बेसिनमध्ये दिसली की जाब विचारायला माणूस हजर असतो. 'आईला महिन्यातून एकदा डॉक्टरकडे मी नेणार' म्हणा. ती सकाळी नऊला पर्स घेऊन तयार बसलेली असते, तिथे तुम्हाला कारण सांगता येत नाही. असा संकल्प मोडायला लाज वाटते. मोडायला लाज वाटावी, एवढाच तो मोठा हवा.

तर आता गृहपाठ. वही नसेल तर हातावर लिहा. या ३१ तारखेला मध्यरात्री रस्त्यावर जो कागद, ज्या बाटल्या, ज्या थाळ्या तुम्ही टाकाल, त्या १ तारखेला सकाळी झाडणारी यायच्या आत तुम्हीच उचलायच्या. शुभेच्छा पाचच जणांना द्यायच्या, पण फोन करून, त्यांचं ऐकून घेऊन. ज्याचे वडील गेले त्याच्या घरी तिळगूळ घेऊन जायचं. दिवाळीला चुकलेलं संक्रांतीला भरून काढता येतं. मुलींनी काकूंना बोलवायचं. पुढच्या दिवाळीला किल्ल्याची माती मुलांबरोबर बापाने आणायची आणि फरशीही बापानेच धुवायची. आणि फराळाच्या दिवसांत घरातल्या कर्त्या पुरुषाने निदान एक पदार्थ पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः करायचा, भांडी घासण्यासकट. बिघडला तर बिघडू दे. हसलेला अनारसाही खाता येतो, चव तीच असते.

गुढीपाडव्याला मी एकेकाला विचारणार आहे. 'वेळ मिळाला नाही, बाई' हे उत्तर मी ऐकून घेणार नाही. तुमच्या घरात ज्या बाईला दरवेळी वेळ मिळतो, तिच्या दिवसालाही चोवीसच तास असतात. आणि दिवाळीला अजून अवकाश आहे म्हणून हात झटकून मोकळे होऊ नका. घरी गेल्यावर पहिलं काम, सोऱ्या कुठल्या कप्प्यात ठेवलाय ते बघायचं. बायकोला न विचारता, स्वतः शोधून.